समेच्या आधीचा हात

पेटीवादक पंडित अप्पा जळगावकरांचं नाव निघालं की बहुतेकांना भीमसेन जोशींच्या मैफली आठवतात. साहजिक आहे. पण अप्पांची लय किती पक्की होती हे समजून घ्यायचं असेल तर त्यांचा लेहरा ऐकावा. तबलजी एकल वादनाला बसलेला असतो. पेटीवर त्रितालाच्या सोळा मात्रांत बसणारी एक छोटीशी धून सुरू होते आणि पुढचा तासभर ती थांबत नाही, फुलत नाही, मिरवतही नाही. तबला तिच्याभोवती कायदे, रेले, गती, चक्रदार असा सगळा संसार मांडतो. धून आपल्या जागी असते आणि दर सोळा मात्रांनी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जिथं यायला हवी तिथं येते. ऐकणारा म्हणतो, तीच ती ओळ तर वाजवायची, त्यात काय मोठंसं! मला त्या ‘तीच ती ओळ’विषयीच लिहायचं आहे. त्यासाठी एका लांबच्या मुलखात जरा फिरून यावं लागेल, तो मुलूख व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचा.

अप्पा जालन्याचे. जन्म १९२२ चा, म्हणजे जालना निजामाच्या राज्यात होतं तेव्हाचा. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरची ही मातब्बर व्यापारी पेठ. ‘जालना सोने का पालना’ असं तिचं कौतुक व्हायचं. सुरुवातीची तालीम त्यांनी गाण्याची घेतली, तीही धृपद-धमाराची, आणि पेटी बरीचशी स्वतःच्या कष्टानं कमावली. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. धमार चौदा मात्रांचा. त्यात दुगुण, तिगुण, चौगुण करताना मूळ ठेका आत कुठंतरी चालू ठेवावा लागतो, नाहीतर माणूस वाहवत जातो. हाताला पेटी लागण्याआधी ज्याच्या गळ्याला हे वळण लागलं, त्याची बोटं पुढं लयीच्या बाबतीत निर्धास्त राहिली, यात नवल वाटत नाही.

त्यात काळही पेटीला प्रतिकूल होता. १९४० साली आकाशवाणीनं पेटी बंद केली. या वाद्याला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड सरकत जाणं, येत नाही, त्याचे सूर बांधीव, म्हणून ते आपल्या संगीताला मारक, असा आक्षेप होता. साथीपुरती मोकळीक मिळायला १९७१ साल उजाडलं. म्हणजे अप्पांच्या ऐन उमेदीची तीसेक वर्षं त्यांचं वाद्य रेडिओवर बहिष्कृत होतं. मींड निघत नाही हे तर खरंच. मग पेटीवाल्याच्या हातात उरतं काय? सूर कधी लावायचा, कधी सोडायचा आणि भात्यातून त्याला वारा किती द्यायचा, एवढंच. तिन्हींतल्या दोन गोष्टी निव्वळ वेळेच्या आहेत. पेटीची कला ही फार मोठ्या प्रमाणात वेळेचीच कला आहे, आणि अप्पांच्या वादनाचं मर्मही मला तिथंच सापडतं.

पियानो याच घराण्यातला असला तरी त्याची तऱ्हा वेगळी. पट्टी दाबली की आतली हातोडी उडते आणि तारेवर आपटते. शेवटच्या क्षणी ती पट्टीपासून सुटून एकटीच पुढं जाते. त्यानंतर वादकाच्या हाती काही राहत नाही. पट्टी जोरात मारली तर हातोडी वीस-तीस मिलिसेकंदांत तारेला भिडते, अगदी हळुवार दाबली तर तिला शंभरच्या वर लागतात. म्हणजे हळू वाजवायचं असेल तेव्हा बोटानं लवकर निघावं लागतं. मोठा पियानोवादक जेव्हा चार-पाच स्वर एकत्र दाबून त्यातला सुरावटीचा स्वर वर काढतो, तेव्हा तो स्वर बाकीच्यांपेक्षा साधारण तीस मिलिसेकंद आधी वाजलेला असतो, असं मोजमापांत दिसून आलं आहे. त्या बोटाचा जोर जास्त, म्हणून त्याची हातोडी आधी पोचते. आपल्याला मात्र तो स्वर ‘आधी’ ऐकू येत नाही, नुसता उजळ ऐकू येतो. वेळेचा फरक कानाला रंगाचा फरक म्हणून जाणवतो.

पेटीत हातोडी नाही. पट्टी दाबली की झडप उघडते आणि भात्यातला वारा पितळी सुरावरून वाहू लागतो. बोट किती जोरात पडलं याला इथं किंमत नाही. पण खर्जाचा सूर लांब आणि जड असतो. तो बोलायला तारसप्तकातल्या सुरापेक्षा जरा जास्त वेळ घेतो. शिवाय पट्टी दाबलेली आहे तोवर आवाज चालूच. पुढची पट्टी लागल्यावर मागची केसभर उशिरा सुटली तर दोन सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. केसभर लवकर सुटली तर मध्ये भोक पडतं आणि गाण्याचा धागा तुटतो. अप्पांच्या साथीत तानेचे सूर मोजून घ्यावेत इतके स्वच्छ असतात, आणि तरीही एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. त्याचं कारण पट्टी लावण्याइतकंच पट्टी सोडण्यात आहे.

आता गेमकडं वळू. आज जालन्याच्या कुठल्याही कट्ट्यावर संध्याकाळी पोरं मोबाईल आडवा धरून बीजीएमआय खेळताना दिसतील. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या काचेवर नाचत असतात. त्यांच्या बोलण्यात पिंग, लॅग, फ्रेम हे शब्द सहज येतात. पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवत असेल तर एक चित्र, म्हणजे एक फ्रेम, साडेसोळा मिलिसेकंदांहून किंचित जास्त टिकते. मारामारीच्या गेममध्ये सगळा हिशेब याच फ्रेमवर चालतो. अमुक ठोसा निघायला इतक्या फ्रेम, तो चुकला तर सावरायला तितक्या. मुरलेले खेळाडू हे आकडे पाठ करतात, जसे तबलजी तिहायांचे हिशेब पाठ करतात. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये दोनदा एकेका मात्रेचा विसावा, सतरा मात्रा झाल्या; समेपासून उचलला तर शेवटचा ‘धा’ पुढच्या समेवर. दोन्हीकडं गणित आधी डोक्यात मुरतं आणि मग हातात उतरतं.

या खेळातला एक क्षण जगभर गाजला, आणि तो मी एखाद्या बंदिशीसारखा पुन्हा पुन्हा पाहिला आहे. २००४ साली कॅलिफोर्नियात पोमोना इथं ‘इव्हो’ ही स्पर्धा झाली. गेम होता ‘स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक’. एका बाजूला जपानचा दाइगो उमेहारा केन या पात्राला घेऊन, समोर अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन. केनचा जीव जवळजवळ संपलेला. आणखी एक फटका, अडवलेला असला तरी, त्याला पुरे. कारण चुन-लीचा मोठा डाव अडवला तरी थोडा जीव खातोच. वाँगनं तो डाव टाकला, एकामागून एक पंधरा लाथा. यातून वाचायचा एकच मार्ग. या गेममध्ये फटका लागायच्या नेमक्या क्षणी काठी पुढं, म्हणजे फटक्याच्याच दिशेनं ढकलली तर तो बिनानुकसान झटकून टाकता येतो. त्याला पॅरी म्हणतात. त्यासाठी मिळणारी फट काही फ्रेमांचीच असते. चुकलात तर तुम्ही उघडे, कारण स्वतःचा बचाव सोडून तुम्ही पुढं झालेले असता.

दाइगोनं पंधराही लाथा झटकल्या. शेवटची तर उडी मारून हवेत, म्हणजे उतरताना आपला मारा बसावा अशा बेतानं. मग खाली येत त्यानं फटक्यांची माळ लावली आणि सामना खिशात घातला. प्रेक्षकांचा आरडाओरडा ती चित्रफीत पाहताना आजही कानात भरतो. अंतिम लढत तो पुढं हरला, पण ती कुणाच्या लक्षात नाही.

लोक म्हणतात, काय रिफ्लेक्स! मला हे कौतुक अपुरं वाटतं, आणि थोडं अन्यायाचंही. डोळ्यांनी पाहून बोट हलायला माणसाला सेकंदाचा पाचवा-चौथा भाग लागतो, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम. पाहून हात हलवायचा म्हटलं तर लाथा कधीच लागून गेल्या असत्या. पहिली लाथ झटकायला तर डाव पडद्यावर नीट दिसण्याच्या आतच काठी हलावी लागते. वाँग आता हा डाव टाकणार हे दाइगोला आधी उमगलं होतं, आणि त्या पंधरा लाथांची लय, कुठं सलग, कुठं मध्ये दम, त्याच्या अंगात बोलांसारखी बसलेली होती. मी म्हणेन की त्यानं त्या क्षणी वाँगची साथ केली. समोरच्यानं म्हटलेली ओळ त्यानं अक्षरशः त्याच्याबरोबर म्हटली.

हेच गणित लेहऱ्याला लावून पाहा. द्रुत त्रिताल सेकंदाला चार मात्रांच्या गतीनं चालला असेल तर आवर्तन चार सेकंदांचं आणि एक मात्रा अडीचशे मिलिसेकंदांची. आवाज ऐकून बोट हलवायला साधारण दीडशे मिलिसेकंद जातात. म्हणजे पेटीवाला तबला ऐकून त्याप्रमाणे वाजवू लागला तर तो दरवेळी अर्ध्या मात्रेहून जास्त मागं पडेल. असं कधी होत नाही. कारण त्याचा हात समेच्या आधीच समेकडं निघालेला असतो. ठोक्याबरोबर टिचकी वाजवायला सांगितली तर साध्या माणसाची टिचकीसुद्धा ठोक्याच्या किंचित आधी पडते, हे प्रयोगांतून वारंवार दिसलं आहे. कसलेल्या वादकात हा फरक कमी असतो. वेळ साधणं म्हणजे वेळेची आधीपासून वाट तयार ठेवणं, हे शरीराला उपजतच ठाऊक असावं.

विलंबित ख्यालात याची दुसरी बाजू दिसते. एकतालाच्या बारा मात्रा, आणि एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची. समेला पोचायला मिनिटभर लागतं. द्रुतातली सम आपसूक ओढून नेते. इथं तिला धरून ठेवावं लागतं. गायक आलाप करत असतो, पेटी त्याच्या मागं सावलीच्या अंतरावर असते. तो थांबला की त्याच्या शेवटच्या सुरावर टेकून ती जागा जागती ठेवते. मग अकराव्या मात्रेच्या आसपास काहीतरी बदलतं. गायकाचा श्वास बदलतो, खांदा हलतो, मुखड्याकडं वळणारा एक सूर येतो. इथपासून मागं राहून चालत नाही. सावलीचं अंतर मिटवून पेटीनं मुखड्याच्या पहिल्या अक्षराशी एकरूप व्हायचं आणि समेवर तिघांनी, गायक, तबला आणि पेटी यांनी, एकत्र उतरायचं. भीमसेनांसारखा गायक असला तर यात आणखी एक धोका: त्यांची तान कुठून कुठं झेप घेईल याचा नेम नसे. अप्पांची साथ ऐकताना मला सर्वांत जास्त आनंद या अंतर मिटवण्याच्या जागी होतो. ते कधी मिटलं हे कळत नाही. एका मात्रेला पेटी मागं होती आणि पुढच्या मात्रेला बरोबर आहे, मध्ये सांधा नाही.

म्हणजे एकाच माणसाला दोन उलट कामं करावी लागतात. ख्यालात तो दुसऱ्याच्या लयीला वाहून घेतो. लेहऱ्यात तोच घड्याळ होतो आणि दुसऱ्यानं त्याच्यावर विसंबायचं असतं. गेममध्ये ही दुसरी भूमिका खेळाडूच्या वाट्याला येतच नाही. तिथं घड्याळ यंत्राचं, आणि खेळाडू कितीही थोर असला तरी त्या घड्याळाचा चाकर.

पियानोवाल्यांना मात्र हा पेच चांगलाच माहीत आहे. मोत्सार्टनं १७७७ साली वडिलांना लिहिलेल्या पत्रात अभिमानानं सांगितलं होतं की उजवा हात लय मोकळी सोडतो तेव्हा माझ्या डाव्या हाताला त्याची खबरही नसते. शोपँही शिष्यांना हेच शिकवायचा: डावा हात लय राखेल, उजव्यानं हवं तसं बोलावं. डावा हात लेहरा, उजवा हात तबला! आपल्याकडं ही दोन कामं दोन माणसांत वाटलेली आहेत, म्हणून मला ती अधिक अवघड वाटतात. स्वतःच्या उजव्या हाताचा खोडसाळपणा डाव्याला आतून कळत असतो. तबलजी आता आडात जाणार आहे, हे लेहरा धरणाऱ्याला कुणी सांगत नाही. तीनाच्या वजनाचे बोल कानावर आदळू लागले की चाराची धूनही तीनाकडं झुकायला बघते. तो मोह अप्पांचा हात टाळतो, आणि तरी त्यांचं वादन ताठर होत नाही. धुनीतल्या एखाद्या सुराला तेवढ्यापुरता थोडा जास्त वारा मिळतो, कुठं एक कण लागतो. मात्रा मात्र हलत नाही.

गेम आणि मैफल यांच्यात एका ठिकाणी मोठा फरक आहे, आणि तो नीट पाहायला हवा. तालावर खेळायचे गेम असतात; जपानच्या कोनामी कंपनीनं १९९७ साली ‘बीटमेनिया’ आणि पुढच्या वर्षी ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आणला, तेव्हापासून त्यांचा मोठा चाहतावर्ग आहे. त्यात प्रत्येक ठोक्याला गुण मिळतात. आधी पडला तरी गुण जातात, नंतर पडला तरी जातात. आपल्या तालशास्त्रात आधी आणि नंतर या दोन्हींना स्वतंत्र घर दिलेलं आहे. सम होऊन गेल्यावर येणारा तो अतीत, सम यायच्या आत येणारा तो अनागत. गायक मुद्दाम समेच्या आधी मुखडा टेकवतो. तबला आपली सम आपल्या जागी ठामपणे दाखवतो. पेटी गायकाबरोबर आधीच पोचलेली असते. श्रोत्याला त्या एवढ्याशा अवकाशात दोन समा ऐकू येतात आणि त्याच्या तोंडून ‘वा’ निघून जातो. हे साधायला खरी सम कुठं आहे हे तिघांनाही मिलिसेकंदानं ठाऊक हवं. ज्याची लय कच्ची, त्याचा अनागत नुसता घाईचा वाटतो.

अंतराचा मुद्दाही दोन्हीकडं सारखाच कळीचा. गेम खेळणारी पोरं ब्लूटूथचे कानातले टाळतात, कारण त्यांत आवाज उशिरा पोचतो. आवाजाला हवेतून एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. मंचावर गायक, तबला आणि पेटी हातभर अंतरावर बसतात, तेव्हा तिघांमधला उशीर एका फ्रेमच्याही आत राहतो. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी गुरूंनी व्हिडिओ कॉलवर शिकवलं. सूर दुरुस्त करता आले, बंदिशी देता आल्या. ताल धरून दोघांनी एकत्र वाजवणं मात्र काही केल्या जमेना. गुरूनं धरलेला लेहरा शिष्याला उशिरा ऐकू येई, शिष्याचा तबला गुरूला त्याहून उशिरा पोचे, आणि दोन-तीन आवर्तनांत दोघंही एकमेकांसाठी थांबू लागत. लय संथ होत होत बसून जाई. बीजीएमआय खेळणाऱ्या पोरांना हा प्रकार समजावून सांगावा लागला नाही.

आज रियाजासाठी लेहऱ्याची ॲप आहेत. विद्यार्थ्यांची त्यांनी मोठी सोय केली, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एकल वादनात लय एका जागी राहत नाही. पेशकारातून कायद्याकडं, कायद्यातून रेल्याकडं जाताना ती चढत जाते. ॲपमध्ये लय वाढवली की पायरी चढल्यासारखं वाटतं. कसलेला लेहरा धरणारा ती चढण आवर्तनाच्या पोटात लपवतो. तबलजीला आता मोकळं व्हायचं आहे हे ओळखून नवव्या-दहाव्या मात्रेपासून धून अशी सैल-घट्ट होत जाते की समेला पोचल्यावर आपण वेगळ्या लयीत आहोत हे मागाहून लक्षात येतं.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार अप्पांना २००० सालचा मिळाला. २००९ साली ते पुण्यात गेले. ध्वनिमुद्रणांत पेटी बहुधा मागं दाबलेली असते, म्हणून त्यांना ऐकताना चांगले हेडफोन घ्यावेत आणि कान मुद्दाम तबल्यावरून काढून पेटीवर ठेवावा. पंधराव्या आणि सोळाव्या मात्रेकडं लक्ष द्यावं. तबल्यात चक्रदाराचा शेवटचा पल्ला चालू असतो, सगळ्या सभागृहाचं लक्ष तिकडं असतं, आणि पेटीवर तेच चार सूर, तेवढ्याच वजनाचे, तेवढ्याच अंतराचे येत असतात. तबलजीचा ‘धा’ कधी केसभर पुढं-मागं पडला तरी लेहरा त्याच्यासाठी थांबत नाही की त्याला हिणवतही नाही. तो पुढचं आवर्तन सुरू करतो, आणि दोन मात्रांत तबला परत त्याच्याजवळ आलेला असतो.